हात वर करण्याआधी

माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा आम्ही ख्रिस्ती नव्हतो. शेवटचं मारलं तेव्हा बाप्तिस्म्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, आणि ते मंडळीत उभे राहून अशी प्रार्थना करत की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत. मी डोळे पुसत नसे. आदल्या आठवड्यातला मार माझ्या बरगडीत दुखत असायचा आणि खाली बसताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागायचा.

मी त्यांना मालक म्हणायची. आमच्याकडे बहुतेक बायका नवऱ्याला मालकच म्हणत, त्यात विशेष काही नाही. पण कित्येक घरांत तो नुसता शब्द असतो, आमच्या घरात तो खरा होता.

आमचे पाळक भले गृहस्थ. मऊ बोलायचे, कधी कुणाला टाकून बोलल्याचं आठवत नाही. त्यांना एकच नाद होता, कुणाचा विश्वास किती पिकला ते बघायचा. एका वर्षी सबंध पावसाळा त्यांनी त्याच विषयावर उपदेश केला. माणूस ख्रिस्तात वाढतोय हे ओळखायचं कशावरून? दारू सुटली का, वचनं पाठ झाली का, उपासना चुकत नाही ना, प्रार्थना स्वतःच्या शब्दांत करतो का, दानाला हात सैल आहे का. मालकांच्या बाबतीत सगळ्यालाच होकार होता. दारू तर बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सुटली ती सुटलीच. पाळक म्हणायचे, "आपल्या या बंधूकडे पाहा." सगळे वळून बघायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात, त्या अंधारात मी बसलेली असायची.

त्या वेळी कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि मंगळवार पेठेत साठमारीचा आखाडा गाजत होता. मालक तिथले साठमार. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं म्हणून सांगते. भोवती उंच भिंत, आत मोकळं मैदान, आणि मैदानात जागोजागी दगडी बुरूज. बुरुजाला अरुंद दार, त्यातून माणूस आडवा होऊन आत सरकेल, हत्तीची नुसती सोंड जाईल. मस्तीला आलेला हत्ती आत सोडायचे. साठमारांनी हातात फडकं आणि आखूड भाला घेऊन त्याला डिवचायचं, चिडवायचं, तो अंगावर आला की पळायचं आणि बुरुजात शिरायचं. भिंतीवर माणसांची ही गर्दी. कुणाचा पाय मोडला, कुणाची छाती दबली, तरी दुसऱ्या खेळाला तीच माणसं पुन्हा हजर. मीसुद्धा जायची. आपला माणूस मरतोय की जगतोय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतः बघितलेलं बरं.

मालक मूळचे हत्तीखान्यात चारा वाहणारे. गावकुसाबाहेरच्या माणसाला हत्तीजवळ कोण जाऊ देणार, पण महाराजांनी आमच्यातल्या माणसांनाही हत्तीखान्यात घेतलं होतं. मालकांचे पाय चपळ, ते दारोग्याच्या नजरेत भरले. त्यांना खेळ शिकवला तो त्यांच्या थोरल्या चुलतभावाने. साठमार जोडीने उतरायचे, आणि हे दोघे भाऊ म्हणजे आखाड्यातली सगळ्यात नावाजलेली जोड. जोडीचा नियम एकच होता. एकाच्या मागे हत्ती लागला आणि त्याला बुरूज गाठता येईना, तर दुसऱ्याने आपल्या बुरुजातून बाहेर यायचं, ओरडायचं, फडकं उडवायचं आणि हत्ती आपल्या अंगावर घ्यायचा. केव्हा बाहेर यायचं तेही ठरलेलं. हत्ती नुसता भीती घालत असेल तर सोंड हवेत असते, कान पसरलेले असतात. खरोखर मारायला निघाला की तो सोंड आत वळवून घेतो. सोंड आत गेली की जोडीदाराने दारात थांबायचं नाही.

हे मला मालकांनीच शिकवलं होतं, आनंदात असले की ते हत्तीचं सगळं सांगायचे. त्यावरून मी त्यांनाही वाचायला शिकले. आवाज चढला तर भ्यायचं कारण नसे, ते हवेतल्या सोंडेसारखं. आवाज बसला, कानशिलावरची शीर उडायला लागली आणि उजवा हात मागे गेला, की मी चुलीपाशी मान खाली घालून डोक्यावर हात धरायची. हत्तीच्या आखाड्यात निदान बुरूज होते.

आता त्या चुलतभावाचं सांगते. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळी भावकी उलटली, पण सगळ्यात जास्त तो. मालकांना त्याने पाठच्या भावासारखं वाढवलं होतं, त्यामुळे त्याचा राग तसाच घरातला, आतला होता. वर्षभरात माझे सासरे वारले. मालक धावत गेले. तिरडी उचलायची वेळ झाली, मालक खांद्याला पुढे झाले, तर चुलतभावाने हातातली काठी आडवी घातली.

"तू आता आमचा न्हाईस. तुझा खांदा बाटलाय. मागं सर."

मालक म्हणाले, "माझा बा हाय त्यो."

त्यावर काठी तोंडावर बसली. पुढचे दोन दात तिथेच पडले. मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. तिरडी जमिनीवर, तिच्याशेजारी पोटचा मुलगा रक्ताच्या थारोळ्यात, आणि भावकी त्याला लाथा घालतेय, असं ते मयत झालं. मी मध्ये पडले तर माझंही डोकं फुटलं. मालकांना बापाला खांदा देता आला नाही. घरी आल्यावर ते रडले नाहीत. त्यानंतर मात्र माझा मार वाढला.

दारोग्याला भावकीशी काय देणं-घेणं? त्याने जोड मोडली नाही. ते दोघे तोंडातून शब्द न काढता शेजारी शेजारी लंगोट कसायचे आणि आत उतरायचे. एकमेकांचं रक्त प्यायला बसलेली ती माणसं, आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या पायांत. मालकांवर हत्ती आला की चुलतभाऊ वेळेवर बाहेर यायचा, हे मी पुष्कळदा पाहिलं. तो माणूस कसा का असेना, आखाड्यात त्याने कधी दगा दिला नाही. मालकही देत नसत. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशीचा हत्ती फारच मस्तीला आलेला होता. कानशिलातून मद गळत होता, डोळे लाल. चुलतभावाने भाला टोचला आणि पळाला, पण जमीन ओली होती, पाय घसरला. तो उठेपर्यंत हत्ती वळला होता. मी भिंतीवरून बघत होते. सोंड आत वळली. मी मालकांच्या बुरुजाकडे बघितलं. ते दारातच उभे होते. पुढचा पाय बाहेर, फडकं हातात, आणि हलत नव्हते. भिंतीवर माणसं बोंबलत होती, कुणाचं लक्ष त्या दाराकडे नव्हतं, सगळे हत्तीकडे बघत होते. हत्तीने चुलतभावाला सोंडेत धरून आपटलं आणि त्याच्या नडगीवर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. तेव्हा मालक बाहेर पडले, आणि पडले ते असे की हत्तीच्या थेट डोळ्यांपुढे जाऊन ओरडले, फडकं त्याच्या तोंडावर मारलं. हत्ती त्यांच्या मागे लागला. बुरुजात शिरता शिरता त्यांच्या पाठीवर सोंड बसली आणि कातडं सोलून निघालं. माणसांनी टोप्या उडवल्या.

चुलतभाऊ वाचला. पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

गावभर एकच चर्चा. ज्याने दात पाडले, बापाला खांदा देऊ दिला नाही, त्याच्यासाठी हा हत्तीपुढे गेला. पाळकांचा आनंद तर गगनात मावेना. त्यांनी पुढच्या उपासनेत सगळा उपदेश त्यावरच केला. शत्रूवर प्रीती म्हणजे काय ते पुस्तकात शोधू नका, या बंधूच्या पाठीवर बघा, असं म्हणाले. मालक पालथे झोपायचे, पाठ भरत आली नव्हती. लोक येऊन पाय धरायचे. महिन्याभरातच ठरलं की त्यांना मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पंच, नेमायचं. डोक्यावर हात ठेवून नेमणूक करायची, तो रविवारही ठरला.

शनिवारी दुपारी मी भाकरी करत होते. मालक वडील झाल्यावर सगळ्यांसमोर काय बोलायचं ते घोकत होते. ऐकता ऐकता माझा तोल गेला. माझी जीभ मुळातच तिखट, आणि पुष्कळ दिवस दाबून ठेवलेली.

मी म्हणाले, "सोंड आत गेली तवा तुमी दारात हुता. मी बघितलंय."

त्यांचा आवाज एकदम बसला. "काय बघितलंस?"

"बघायचं तेच बघितलं की. पाय मोडस्तोवर थांबलासा. मग गेलासा."

पुढचं सगळं सांगत नाही. आधी थप्पड, मग बुक्क्या, मग मी पडल्यावर लाथा. चुलीतलं जळतं लाकूड माझ्या हाताखाली आलं, ते मी त्यांच्यावर उगारलं, तर त्यांनी तोच हात धरून पिरगाळला. मनगटात काहीतरी कटकन मोडलं. त्या आवाजावर ते थांबले. तसाच आवाज त्यांनी आखाड्यात ऐकला होता, असं मला पुढे वाटलं. तेव्हा काहीच वाटलं नाही. तेव्हा मनात एकच होतं, हा माणूस मला एक दिवस मारून टाकणार आणि पाळक माझ्या मयतीला याच्याकडूनच प्रार्थना करवून घेणार.

रविवारी मी गेले. एक डोळा बंद, ओठ फुटलेला, मनगट चिंधीने बांधलेलं. तोंडावर पदर ओढून बायकांच्या बाजूला बसले. का गेले? बघायला गेले. आखाड्यात जायची तशीच.

पाळकांनी मालकांना पुढे बोलावलं. मालक उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या डोस्क्यावर हात ठेवू नका. मी त्येला वाचवला न्हाई. मी थांबलो हुतो. त्यो मरावा म्हणून थांबलो हुतो."

पाळकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बंधूंनो, ही नम्रता पाहा. चांगलं काम करूनही हा मनुष्य स्वतःला दोषी म्हणतो. वाढलेल्या विश्वासाची याहून मोठी खूण कोणती?"

मला हसू आलं, फुटलेल्या ओठाने हसता येईना एवढंच. मालकांच्या कानशिलावर शीर उडाली. मी म्हटलं, आता पाळकांची पाळी.

पण ते तसेच उभे राहिले. म्हणाले, "नम्रता न्हवं ही. खरं हाय. काल हीच गोष्ट बायकू बोलली, तर तिला मारली. हात मोडला तिचा. आजचं न्हाई, लगीन झाल्यापास्नं मारतोय."

तरी कुणाचा विश्वास बसेना. कुजबुज सुरू झाली की पाठीच्या तापाने माणूस काहीबाही बोलतोय. तेव्हा मी उठले आणि पदर मागे सारला. शेजारची बाई "आई गं" म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. पाळकांनी माझ्याकडे बघितलं आणि ते खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना गडबडलेलं तेव्हाच बघितलं. त्या दिवशी कुणाची नेमणूक झाली नाही, गीतही धड म्हटलं गेलं नाही.

बाहेर आल्यावर मालक घराकडे वळले नाहीत. उचगावचा रस्ता धरला. चुलतभाऊ तिथे राहायचा. मीही मागोमाग निघाले. त्यांनी वळून एकदा "घरला जा" म्हटलं, मी ऐकलं नाही.

चुलतभाऊ सोप्यात खाटेवर बसला होता, पाय नसलेल्या बाजूला धोतर दुमडलेलं. मालक उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "दादा, सोंड आत गेल्याली मी बघितली हुती. जाणूनबुजून थांबलो."

चुलतभाऊ म्हणाला, "ठाऊक हाय मला. मी खाली पडून तुझ्याकडंच बघत हुतो."

मग त्याने कुबडी उचलली. एका पायावर उठला, भिंतीला टेकला आणि मारायला लागला. डोक्यावर, खांद्यावर, त्या न भरलेल्या पाठीवर. जखमा फुटून सदरा लाल झाला. मी मालकांच्या खुणा बघत होते. शीर उडाली. उजवा हात मागे गेला. मी जागीच मान खाली घातली, मार दुसऱ्याला बसणार असला तरी माझी मान खाली जायचीच. पुन्हा वर बघते तर मालकांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती. इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली होती. मार बसत होता आणि ते चौकट सोडत नव्हते. एका पायाचा तो माणूस, मालकांनी नुसता धक्का दिला असता तरी आडवा झाला असता. शेवटी तो दमून खाटेवर कोसळला.

धापा टाकत म्हणाला, "मी मेलो तर तू खांद्याला यायचं न्हाईस."

मालक म्हणाले, "बरं."

इतकंच. गळ्यात गळे पडले नाहीत, कुणी कुणाला क्षमा केली नाही. पुढे काही वर्षांनी तो वारला तेव्हा मालक गेले आणि रस्त्याच्या कडेला लांब उभे राहिले. तिरडी समोरून गेली. भावकीतल्या एकाने हाक मारली, "ये की, धर खांदा." त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शब्द दिला होता.

उचगावहून आलो त्या दुपारी मी एका हाताने त्यांची पाठ धुतली. दया आली म्हणून नव्हे, दुसरं कुणी नव्हतं म्हणून. शेजारीण येऊन कानात म्हणाली, "जित्याची खोड मेल्याबिगार जात न्हाई बाई, सावध ऱ्हा." मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे बसले होते. मालक मागून आले आणि खुंटीवरचा पटका घ्यायला त्यांनी हात वर केला. माझी मान खाली गेली, मोडका हात डोक्यावर आला, तव्यावरची भाकरी राखेत पडली. रोजचंच होतं ते. लग्न झाल्यापासून त्यांनी पटका घेतला, फळीवरचा तांब्या काढला, दाराची कडी उघडली, की माझं हेच व्हायचं. पण त्या दिवशी त्यांचा हात वरच राहिला. ते माझ्याकडे बघत होते. हत्तीची प्रत्येक खूण ओळखणाऱ्या माणसाने ही खूण तोवर बघितलीच नव्हती. पटका न घेता ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. बराच वेळ त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. मी उठले नाही. माझं मन इतकं मोठं नव्हतं, आणि मनगट ठणकत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हात वर करतोय गं. पटका घ्यायचाय."

मी वळून बघितलं. ते थांबले होते. मी "घ्या" म्हणेपर्यंत हात खालीच होता.

त्यानंतर ते साठमारी सोडून पुन्हा चारा वाहू लागले. मंडळीत मागच्या बाकावर बसू लागले. मोठ्याने प्रार्थना करायचं त्यांनी बंद केलं, आणि पाळकांना वाटलं की हा बंधू विश्वासात थंडावला. तसं त्यांनी मला बोलूनही दाखवलं. मी काय सांगणार? घरात मात्र रोज चालू होतं. "हात वर करतोय, तांब्या काढायचाय." "हात वर करतोय, कंदील लावतोय." पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचे, लोक हसायचे, बायकोला भितोय म्हणायचे. ते म्हणायचे, "व्हय." त्यांनी पुन्हा माझ्या अंगाला हात लावला नाही. राग येत नव्हता असं नाही. शीर उडायची, मग ते उठून जायचे आणि दाराची चौकट धरून उभे राहायचे. आमच्या दाराच्या चौकटीला त्यांच्या हाताने काळा डाग पडला होता.

मी त्यांना क्षमा केली का, असं पुढे पाळकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, अर्धी केली आहे, उरलेली बघू. शेजारणीची म्हण खोटी पडली, त्यांची खोड जितेपणीच गेली. राहिली ती माझी. ते सांगायचे, थांबायचे, मी "घ्या" म्हणायची, तरी हात वर गेला की मान आपली खाली. वर्षानुवर्षं. त्यांना ते दिसायचं, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा तितक्याच धीराने सांगायचे.

शेवटच्या आजारात ते उठू शकत नव्हते. मी पेज भरवत होते. माझ्या कपाळावर केसांची बट आली होती, हात गुंतलेले म्हणून ती सारता येईना. ते बघत होते. आवाज जवळजवळ गेला होता.

"हात वर करतोय गं," म्हणाले.

मी "करा" म्हटलं. हात हळूहळू वर आला. त्यांनी ती बट मागे सारली आणि हात खाली पडला. चमचा पुन्हा वाटीत घालताना माझ्या लक्षात आलं की माझी मान खाली गेली नव्हती. ते त्यांनी बघितलं का, मला माहीत नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.